अधूनमधून हँग होणारा सर्व्हर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व्हर कधी चार दिवस, कधी दोन आठवडे नीट चालतो आणि मग एका क्षणी जागच्या जागी थिजतो. रीसेट केला की पुन्हा सुरळीत. लॉग उघडावा, तर त्यात काही सापडत नाही. अशा दुखण्यात सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा जातो तो अंदाजाने सुटे भाग बदलण्यात. म्हणून आमचा आग्रह आहे की पुढच्या वेळी सर्व्हर हँग होईल तेव्हा पुरावा हाती लागेल अशी तयारी आधी करा, आणि मगच स्क्रू ड्रायव्हर उचला. खालची उत्तरं मुख्यतः लिनक्स धरून दिली आहेत. विंडोजसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.

सर्व्हर आत्ता हँग झालेला आहे. रीसेट दाबण्याआधी काय बघू?

रीसेट दाबलं की मेमरीतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी पाच मिनिटं द्या.

दुसऱ्या मशिनवरून पिंग करा. उत्तर येत असेल तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जिवंत आहे, कारण पिंगला उत्तर कर्नल स्वतः देतो, त्यासाठी कुठलाही प्रोग्राम चालू असावा लागत नाही. मग एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याची सोय) २२ नंबर पोर्टला जोडून बघा. कनेक्शन जुळतं पण एसएसएचची पहिली ओळ काही येत नाही, असं असेल तर कर्नलने कनेक्शन घेतलंय, पण एसएसएच डीमनला (पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवेला) पुढे सरकता येत नाहीये. असं चित्र दिसलं की संशय मेमरीच्या टंचाईवर किंवा अडकलेल्या डिस्कवर घ्यायचा.

आता मॉनिटर आणि कीबोर्ड, किंवा बीएमसीचा (बोर्डावरच्या देखरेखीच्या छोट्या संगणकाचा) रिमोट कन्सोल. कॅप्स लॉक दाबा. दिवा बदलत नसेल तर प्रोसेसर इंटरप्टलाही (हार्डवेअरच्या हाकेलाही) दाद देत नाहीये आणि मामला हार्डवेअर, ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचा असण्याची शक्यता बरीच वाढते. दिवा बदलत असेल तर एंटर दाबा. नवीन लॉगिन प्रॉम्प्ट येतो, नाव टाकता, पण पासवर्ड विचारलाच जात नाही? प्रॉम्प्ट दाखवणारा प्रोग्राम आधीच मेमरीत होता. पासवर्ड विचारणारा मात्र डिस्कवरून वाचावा लागतो, आणि ते वाचन अडकलंय. एवढ्या एका खुणेवरून अर्धा तपास डिस्कच्या दिशेने वळवता येतो.

पडद्यावर जे काही असेल त्याचा फोटो काढा. डिस्कचा दिवा सलग पेटलेला आहे की पूर्ण विझलेला, पंखे पूर्ण वेगाने फिरताहेत का, नेटवर्क पोर्टचे दिवे लुकलुकतात का, हे टिपून ठेवा. घड्याळातली वेळ सेकंदासकट लिहा. पडदा काळाच असेल तर कन्सोल काही मिनिटांनी आपोआप काळा होत असू शकतो. कर्नलच्या बूट ओळीत कन्सोलब्लँक शून्य करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शेवटचा संदेश पडद्यावर टिकेल.

बीएमसीमध्ये नेमकं काय शोधायचं?

सर्व्हर बोर्डावरचा बीएमसी हा वेगळा छोटा संगणक असतो. मुख्य प्रोसेसर थिजला तरी तो चालू राहतो आणि घटनांची नोंद ठेवतो. आयपीएमआयटूलने (बीएमसीशी बोलणारा आदेश) सिस्टिम इव्हेंट लॉगची विस्तृत यादी काढा. दुरुस्त न होणारी ईसीसी (मेमरीतल्या चुका ओळखणारी सोय) चूक, पीसीआय पॅरिटी किंवा सिस्टिम एरर, पॉवर सप्लायची एक बाजू गेल्याची नोंद, व्होल्टेज मर्यादेबाहेर, पंखा थांबला, अशा नोंदी कामाच्या. दोन गोष्टी लोक विसरतात. बीएमसीचं घड्याळ बऱ्याचदा यूटीसीवर किंवा भलत्याच वेळेवर असतं, त्यामुळे वेळा जुळवताना फरक मोजा. आणि हा लॉग भरला की काही बोर्डांवर नवीन नोंदी होतच नाहीत. म्हणून यादी फाइलमध्ये उतरवून घ्या आणि मग लॉग रिकामा करा.

रीस्टार्टनंतर लॉगमध्ये काहीच सापडत नाही. असं का होतं?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. पहिलं, जर्नल (सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमडीचा लॉग) फक्त मेमरीत ठेवलेलं असतं. जर्नलडीच्या सेटिंगमध्ये स्टोरेज 'पर्सिस्टंट' करा. दुसरं, जर्नल डिस्कवर असलं तरी साधे संदेश दर ५ मिनिटांनीच पक्के केले जातात. क्रिटिकल आणि त्याहून गंभीर संदेश मात्र ताबडतोब लिहिले जातात. म्हणजे हँग होण्याआधीची शेवटची काही मिनिटं हरवू शकतात. तपास चालू असेपर्यंत सिंकचं अंतर १० सेकंदांवर आणा. तिसरं कारण जास्त अर्थपूर्ण आहे: ज्या डिस्कवर लॉग लिहायचा तीच गायब झालेली असते. अशा वेळी कर्नल तक्रार करत असतो, पण ती लिहायला जागा नसते.

यावरचा उपाय म्हणजे संदेश मशिनच्या बाहेर पाठवणं. त्याचे मार्ग असे:

सीरियल कन्सोल सगळ्यात भरवशाचा. कर्नलच्या बूट ओळीत दोन कन्सोल द्या, एक नेहमीचा पडदा आणि दुसरा सीरियल पोर्ट १,१५,२०० वेगावर. मग बीएमसीच्या 'सीरियल ओव्हर लॅन' सोयीने दुसऱ्या मशिनवर तो सतत नोंदवत ठेवा. बऱ्याच सर्व्हर बोर्डांवर ही सोय पहिल्या नव्हे, दुसऱ्या सीरियल पोर्टला जोडलेली असते. काहीच दिसत नसेल तर आधी तेच तपासा.

नेटकन्सोल लावायला सोपा. कर्नलचे संदेश यूडीपीवरून, ठरलेल्या ६६६६ पोर्टवर, थेट दुसऱ्या मशिनकडे जातात. मध्ये कुठलाही डीमन किंवा डिस्क येत नाही. घेणारं मशिन दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर त्याचा नव्हे, गेटवेचा मॅक पत्ता द्यावा लागतो. शिवाय कन्सोलची लॉग पातळी डीमेसेजने ८ वर न्यायला विसरू नका. नाहीतर नेटकन्सोल चालू असूनही उपयोगाचे अर्धे संदेश गाळले जातील. लावल्यावर एक चाचणी संदेश पाठवून तो पलीकडे पोचतो ना, हे आजच बघा.

पॅनिक (कर्नल स्वतःच थांबतो अशी गंभीर चूक) होत असेल तर केडम्प. बूट ओळीत क्रॅशकर्नलसाठी साधारण २५६ एमबी राखून ठेवा (मोठ्या मशिनवर जास्त), म्हणजे पॅनिकनंतर छोटा दुसरा कर्नल उठून मेमरीची प्रत डिस्कवर लिहितो. केडम्प नसला तरी पीस्टोअर बघा. यूईएफआयच्या (बोर्डावरच्या फर्मवेअरच्या) कायमस्वरूपी मेमरीत पॅनिकचे शेवटचे संदेश राहिलेले असू शकतात, आणि सिस्टिमडी ते पुढच्या बूटला उचलून व्हारच्या लिब फोल्डरमध्ये ठेवतो. काही वितरणांत ही सोय सुरुवातीला बंद असते.

मॅजिक सिसआरक्यू म्हणजे काय आणि ते कधी वापरायचं?

कर्नलपर्यंत थेट पोचणारी ही कळ आहे. सर्व्हर हँग होण्याआधीच ती पूर्ण चालू करून ठेवा (कर्नल सेटिंगमध्ये सिसआरक्यूला १), कारण बहुतेक वितरणं तिच्या काही क्रिया बंद ठेवतात. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एक अक्षर दाबायचं. डब्ल्यू दाबलं की डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसची यादी येते, एम दाबलं की मेमरीची स्थिती, एल दाबलं की प्रत्येक प्रोसेसर कोअर काय करतोय ते. आधी डब्ल्यू, मग एम, मग एल, असा क्रम ठेवा. एफ दाबलं की ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची सोय) मुद्दाम चालवता येतो. मेमरीने गुदमरलेला सर्व्हर तेवढ्यानेच मोकळा झाला तर निदानही हाती आलं.

शेवटी एस, यू, बी: डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिही, फाइल सिस्टिम फक्त वाचनासाठी कर, रीबूट कर. सरळ वीज तोडण्यापेक्षा हे कधीही बरं. सीरियल ओव्हर लॅनवर ऑल्ट चालत नाही, तिथे आधी 'ब्रेक' पाठवायचा (आयपीएमआयटूलमध्ये टिल्ड आणि कॅपिटल बी) आणि लगेच अक्षर.

सिसआरक्यूलाही दाद मिळत नसेल तर एनएमआय (अडवता न येणारा इंटरप्ट) पाठवा. आयपीएमआयटूलच्या चॅसिस पॉवर आदेशाला 'डायग' हा पर्याय त्यासाठीच आहे. अनोळखी एनएमआय आल्यावर पॅनिक करण्याचं सेटिंग आधी चालू केलेलं असेल आणि केडम्प तयार असेल, तर थिजलेल्या मशिनचाही पूर्ण डम्प मिळतो.

'टास्क ब्लॉक्ड', 'सॉफ्ट लॉकअप' आणि 'हार्ड लॉकअप' यांत फरक काय?

हे तीन वेगळे आजार आहेत. एखादी प्रोसेस १२० सेकंदांहून जास्त काळ डी अवस्थेत (मोडता न येणाऱ्या प्रतीक्षेत) अडकली की 'टास्क ब्लॉक्ड' येतं. यात प्रोसेसर मोकळा असतो, वाट बघणं चाललेलं असतं, बहुधा डिस्कची किंवा एनएफएसची (नेटवर्कवरच्या साठवणीची). लोड ॲव्हरेज (चालू आणि अडकलेल्या कामांची सरासरी) ८० दिसतंय आणि प्रोसेसर ९५ टक्के रिकामा, हे त्याचंच चित्र. सॉफ्ट लॉकअप म्हणजे एक कोअर २० सेकंदांहून जास्त काळ कर्नलच्या आतच फिरत राहिला आणि दुसऱ्या कशाला जागा दिली नाही. इथे ड्रायव्हर किंवा कर्नलमधल्या दोषाची शंका घ्या. हार्ड लॉकअपमध्ये कोअर साधारण १० सेकंद इंटरप्टही घेत नाही. तो फक्त एनएमआय वॉचडॉगला दिसतो.

लॉगमध्ये असे दहा संदेश असतील तर पहिला वाचा. बाकीचे नऊ बऱ्याचदा त्याच्या रांगेत अडकलेले असतात.

मेमरी संपली तर ओओएम किलर प्रोसेस मारतो ना? मग सर्व्हर हँग का होतो?

कारण ओओएम किलर फार उशिरा येतो. मेमरी भरत आली की कर्नल आधी स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या राखीव जागेत) मेमरीची पानं ढकलतो आणि फाइल कॅश रिकामा करतो. या कॅशमध्ये चालू प्रोग्रामांचा स्वतःचा कोडसुद्धा असतो. तो फेकला जातो, पुढच्याच क्षणी लागतो म्हणून डिस्कवरून वाचला जातो, पुन्हा फेकला जातो. तांत्रिकदृष्ट्या मेमरी मिळतेय, म्हणून ओओएम किलर गप्प, आणि सर्व्हर अर्धा तास निपचित. 'स्वॅप काढून टाकला तरी हँग होतोच' ही तक्रार याच कारणाने येते.

ओळखायचं कसं? व्हीएमस्टॅट दर सेकंदाला चालवा. एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत आणि बाहेर) हे स्तंभ सतत शेकडो-हजारोंत आणि बी (अडकलेल्या प्रोसेस) स्तंभ वाढता असेल तर निदान झालं. कर्नल ४.२० पासून प्रॉक फाइल सिस्टिममध्ये 'प्रेशर' नावाचा फोल्डर आहे. त्यातल्या मेमरी फाइलमध्ये 'फुल' ओळीचा १० सेकंदांचा आकडा २०-३० च्या वर राहिला, तर तेवढे टक्के वेळ एकही काम पुढे सरकत नाहीये.

उपाय: अर्लीओओएम किंवा सिस्टिमडी-ओओएमडी लावा, ते गुदमरण्याआधीच प्रोसेस मारतात. ज्या सेवेचा संशय आहे तिला सिस्टिमडीमध्ये मेमरीची कमाल मर्यादा बांधा, म्हणजे ती एकटीच पडेल, सर्व्हर राहील. मोठी रॅम असलेल्या मशिनवर आणखी एक सापळा आहे. लिहायचा राहिलेला डेटा उपलब्ध मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत साठू दिला जातो. २५६ जीबी रॅमवर हे ५० जीबीच्या आसपास जातं, आणि तेवढा डेटा संथ डिस्कवर उतरेपर्यंत लिहिणाऱ्या सगळ्या प्रोसेस अडून बसतात. टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा द्या: पार्श्वभूमीत लिहायला सुरुवात २५६ एमबीला, कमाल १ जीबी.

स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या अहवालात) डिस्क 'पास' दाखवते. तरी डिस्कवर संशय घ्यायचा का?

घ्या. 'पास' या शब्दाला फार कमी किंमत आहे, आकडे वाचा. ५ (बदललेले सेक्टर), १९७ (अजून निकाल न लागलेले सेक्टर) आणि १९८ (दुरुस्त न झालेले) यांत शून्यापेक्षा जास्त आकडा आणि तोही वाढता असेल तर डिस्क बदला. १९९ वाढत असेल तर डिस्कचा दोष कमी, केबलचा किंवा बॅकप्लेनचा जास्त. आधी केबल बदला. जुना आकडा शून्य होत नाही, तो पुढे वाढतो का तेवढंच बघायचं.

घरगुती वापराच्या डिस्क सर्व्हरमध्ये लावल्या की एक विशिष्ट त्रास होतो. खराब सेक्टर लागला की अशी डिस्क तो वाचायचा हट्ट मिनिट-दोन मिनिटं धरू शकते. लिनक्स मात्र ३० सेकंदच थांबतो आणि मग डिस्कलाच रीसेट करायला घेतो. या ओढाताणीत सगळा रेड संच (एकत्र जोडलेल्या डिस्क) थिजतो. स्मार्टसीटीएलने डिस्कची एरर रिकव्हरीची मर्यादा बघा. डिस्कला ती सोय असेल तर वाचन आणि लेखन दोन्हींसाठी ७० द्या. एकक सेकंदाचा दहावा भाग असल्याने ही मर्यादा ७ सेकंद झाली. बऱ्याच डिस्क वीज गेली की हे सेटिंग विसरतात, म्हणून ते प्रत्येक बूटला लागू करा. सोय नसेल तर उलट करा: त्या डिस्कसाठी कर्नलचा टाइमआउट ३० वरून १८० सेकंदांवर न्या.

एनव्हीएमई डिस्कची (थेट पीसीआय बसवर जोडलेल्या एसएसडीची) तऱ्हा वेगळी. 'कंट्रोलर इज डाउन, विल रीसेट' असा संदेश आणि पुढे सगळे एफ असलेला स्टेटस आकडा दिसला, तर डिस्क पीसीआय बसवर उत्तरच देत नाहीये. वीज वाचवण्याच्या खोल अवस्थेत जाऊन ती परत आली नाही, हे त्यामागचं नेहमीचं कारण. एनव्हीएमई कोअर मॉड्यूलला पॉवर स्टेटची कमाल लेटन्सी शून्य द्या आणि पीसीआयई एएसपीएम (बसची वीजबचत) बंद करा. तरीही डिस्क गायब होत असेल तर फर्मवेअर, मग स्लॉट, मग डिस्कचं तापमान.

मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) स्वच्छ आला. म्हणजे रॅम ठीक आहे?

नाही. मेमटेस्टने चूक दाखवली तर रॅम, स्लॉट किंवा मेमरी कंट्रोलर खराब आहे हे नक्की, पण चूक दाखवली नाही म्हणून काही सिद्ध होत नाही. एक फेरी पुरत नाही, किमान ४ फेऱ्या, शक्यतो रात्रभर. ईसीसी रॅमवर तर एका बिटाची चूक हार्डवेअर परस्पर दुरुस्त करतं आणि मेमटेस्टला ती दिसतही नाही. तिथे रासडीमन (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारी सेवा) बसवा आणि प्रत्येक मॉड्यूलमागे दुरुस्त झालेल्या चुकांचा आकडा बघा. वर्षात एखादी चूक मनावर घेऊ नका. एकाच मॉड्यूलवर दर आठवड्याला चुका जमत असतील तर ते बदला.

बदलण्याआधी एकदा मॉड्यूल काढून, कडा स्वच्छ करून, खटका वाजेपर्यंत परत बसवा. एक्सएमपीसारखी ओव्हरक्लॉक प्रोफाइल चालू असेल तर ती बंद करा. सर्व्हरला तिची गरज नाही.

लोड नसतानाच, विशेषतः रात्री, हँग होतो. हे उलटं कसं?

काम नसलं की प्रोसेसर खोल सी-स्टेटमध्ये (वीज वाचवणाऱ्या झोपेत) जातो, व्होल्टेज आणि विजेचा प्रवाह खाली येतो. झोपेत जाणं आणि जागं होणं या उड्या काही प्रोसेसर-बोर्ड-पॉवर सप्लायच्या जोड्यांना झेपत नाहीत. पहिल्या पिढीच्या रायझेनवर हा त्रास प्रसिद्ध आहे. त्यासाठी बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' हा पर्याय 'टिपिकल करंट आयडल' करायचा. इंटेलच्या बे ट्रेल चिपवरही असंच थिजणं दिसायचं आणि सी-स्टेट १ वर बांधला की थांबायचं.

चाचणी सोपी आहे. बूट ओळीत इंटेल आयडल ड्रायव्हरची कमाल सी-स्टेट १ करा (एएमडीवर बायोसमधून ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल बंद करा) आणि वाट बघा. विजेचा खर्च आणि तापमान थोडं वाढेल. हँग थांबला तर दिशा कळली. मग बायोस अद्ययावत करून किंवा पॉवर सप्लाय बदलून सी-स्टेट परत चालू करून बघा.

रात्रीचा हँग नेहमीच 'रिकामा' नसतो, हेही तपासा. बॅकअप, लॉगरोटेट, आठवड्याची एसएसडी ट्रिम आणि रेडची पडताळणी रात्रीच चालतात. डेबियनवर सॉफ्टवेअर रेडची पडताळणी महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू होते. हँगच्या तारखा कॅलेंडरवर मांडा आणि क्रॉन व टायमरच्या यादीशी ताडून बघा.

लोड आला की हँग होतो. तापमान असेल का?

प्रोसेसर फार तापला तर आधी वेग कमी करतो आणि मग मशिन थेट बंद पडतं. तापलेला प्रोसेसर सहसा मशिन थिजवत नाही. थिजवणारी उष्णता बाजूच्या भागांची असते: व्होल्टेज रेग्युलेटर, एनव्हीएमई डिस्क, आणि एचबीए (डिस्क जोडायची) किंवा रेड कार्डं. ही कार्डं रॅक सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. साध्या कॅबिनेटमध्ये लावली तर त्यांच्या हीटसिंकला बोट लावता येत नाही. कार्डावर पंखा लावून बघणं ही सर्वांत स्वस्त चाचणी.

पॉवर सप्लायसाठी १२ व्होल्टची रेषा लोडखाली मोजा. एटीएक्सची मर्यादा ५ टक्के, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट. मल्टिमीटरला क्षणिक झोका दिसत नाही, त्यामुळे आकडा ठीक आला तरी दुसरा चांगला सप्लाय लावून बघण्याला पर्याय नाही. प्रोसेसरचा ८ पिनांचा कनेक्टर अर्धवट बसलेला तर नाही ना, हे त्याआधी.

डेस्कटॉप प्रोसेसरवर सर्व्हर चालवत असाल आणि तो इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीतला जास्त ताकदीचा असेल, तर बायोस ताबडतोब अद्ययावत करा. चढ्या व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर आतून खराब होत होते. इंटेलने त्यासाठी २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि मग ०एक्स१२बी ही मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या फर्मवेअरची) सुधारणा दिली आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. सुधारणा पुढची झीज थांबवते. झालेली भरून निघत नाही, त्यामुळे अद्ययावत करूनही हँग चालू राहिला तर प्रोसेसर वॉरंटीत बदलून घ्या.

हँग होण्याचा आणि मशिन किती दिवस चालू आहे याचा संबंध असू शकतो?

असू शकतो, आणि तो फर्मवेअरमधल्या मोजणीच्या दोषातून येतो. एएमडी ईपीवायसी ७००२ मालिकेत शेवटच्या रीसेटपासून साधारण १,०४४ दिवसांनी एखादा कोअर सीसी६ झोपेतून उठतच नाही. उपाय दोनच: त्याआधी रीबूट, किंवा सीसी६ बंद. क्रुशियल एम४ एसएसडी ५,१८४ तास भरले की उत्तर देणं थांबवायची. वीज काढून लावली की उठायची आणि पुन्हा तासाभराने थिजायची. २०१२ च्या जानेवारीत आलेल्या फर्मवेअरने ते थांबलं. एचपीईने २०१९ मध्ये जाहीर केलेला दोष त्याहून वाईट होता: काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तासांना कायमच्या मरायच्या, डेटासकट. एकाच दिवशी चालू केलेल्या डिस्क रेडमध्ये असतील तर त्या एकदमच जाणार.

म्हणून डिस्कचे चालू तास आणि फर्मवेअरची आवृत्ती टिपून ठेवा, आणि निर्मात्याच्या सूचना त्या मॉडेलसाठी वाचा.

सर्व्हर हँग झालाय की फक्त नेटवर्क गेलंय?

कन्सोलवर लॉगिन होत असेल तर फक्त नेटवर्क. इंटेलच्या ई१०००ई ड्रायव्हरवर 'डिटेक्टेड हार्डवेअर युनिट हँग' हा संदेश शोधा. ईथटूलने टीएसओ आणि जीएसओ (डेटाचे तुकडे करण्याच्या सोयी) बंद केल्यावर तो बऱ्याचदा जातो.

व्हर्च्युअल मशिन हँग होतं, होस्ट ठीक दिसतो. कुठे बघू?

होस्टवरच बघा. पाहुण्या मशिनच्या आत सॉफ्ट लॉकअप दिसला तर त्याचा अर्थ बहुधा एवढाच की होस्टने त्याच्या व्हीसीपीयूला (आभासी प्रोसेसरला) तेवढा वेळ चालूच दिलं नाही. पाहुण्या मशिनमध्ये व्हीएमस्टॅटमधला एसटी स्तंभ (होस्टने न दिलेला वेळ) बघा. स्नॅपशॉट, बॅकअप किंवा लाइव्ह मायग्रेशनच्या वेळा जुळतात का बघा. केव्हीएमवर (लिनक्सच्या व्हर्च्युअल मशिनच्या सोयीवर) होस्टची साठवण भरली की मशिन चालवणारा क्यूईएमयू पाहुण्याला गुपचूप थांबवून ठेवतो. व्हर्शला (मशिन सांभाळायच्या आदेशाला) मशिनची अवस्था कारणासकट विचारली की 'पॉज्ड, आयओ एरर' असं उत्तर येतं. जागा मोकळी करून मशिन पुढे चालू करा. आतल्या लॉगमध्ये याचा मागमूस नसतो, कारण त्या वेळी आतलं घड्याळच थांबलेलं असतं.

विंडोज सर्व्हरवर काय बघायचं?

इव्हेंट ४१ फक्त एवढंच सांगतो की मशिन नीट बंद न होता उठलं. त्यातला बगचेक कोड शून्य असेल तर निळा पडदा आलाच नव्हता: हँग, वीज, किंवा कोणी बटण दाबलं. त्याच्या आधीच्या तासात १२९ (साठवण कंट्रोलरला रीसेट पाठवला), १५३ (डिस्कवरची क्रिया पुन्हा करावी लागली) आणि २००४ (मेमरी संपत आली) शोधा. विंडोज सर्व्हर २०१२ पासून एनएमआय पाठवला की मेमरी डम्प तयार होतो, वेगळं सेटिंग लागत नाही. पेजफाइल पुरेशी मोठी हवी.

एक बदल केला. आता किती दिवस हँग झाला नाही म्हणजे दुखणं गेलं समजायचं?

हँगमधल्या सरासरी अंतराच्या तिप्पट. समजा सर्व्हर सरासरी ५ दिवसांनी हँग होतो आणि तेही अनियमितपणे. तर काहीही दुरुस्त न करता ५ दिवस शांत जाण्याची शक्यता ३७ टक्के असते, १० दिवसांची १४ टक्के, १५ दिवसांची ५ टक्के. म्हणून 'आठवडाभर झाला, काही नाही' या भरवशावर दुरुस्ती पक्की मानू नका. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा: तारीख, बदल, आधीची आवृत्ती, नंतरची. दोन बदल एकदम केले आणि हँग थांबला, तर कशाने थांबला हे कधीच कळणार नाही.

सर्व्हर कामाचा असेल आणि एवढं थांबणं शक्य नसेल, तर काम दुसऱ्या मशिनवर हलवा आणि हे मशिन स्ट्रेस-एनजी आणि फिओने (मशिनवर आणि डिस्कवर लोड टाकणारे प्रोग्राम) झोडपा. लोडखाली २४ तास, मग पूर्ण रिकामं २४ तास. दोन्हीकडे वेगळे दोष वर येतात.

सुटे भाग कोणत्या क्रमाने बदलू?

पुराव्याने बोट दाखवलेला भाग पहिला. पुरावा नसेल तर स्वस्त आणि उलटवता येण्याजोगं आधी: बायोस, बीएमसी आणि डिस्कचं फर्मवेअर, केबल, राइझर कार्ड पुन्हा बसवणं, जादा कार्डं काढणं. मग रॅम अर्धी काढून चालवणं, बोर्डाच्या पुस्तिकेतल्या स्लॉटच्या क्रमाने. मग पॉवर सप्लाय. मग बोर्ड. प्रोसेसर शेवटी. मात्र वर सांगितलेल्या पिढ्यांतला असेल तर त्याचा नंबर बराच आधी लागतो.

वॉचडॉग (मशिनने वेळेत खूण दिली नाही तर ते रीस्टार्ट करणारा टायमर) लावून हँग झाला की आपोआप रीस्टार्ट करू का?

सेवा चालू राहायला हवी असेल तर जरूर लावा, पण पुरावा पकडायची सोय आधी. सिस्टिमडीमध्ये रनटाइम वॉचडॉग ३० सेकंद करा आणि तो बोर्डावरच्या खऱ्या वॉचडॉगला जोडलाय ना हे बघा. सॉफ्टडॉग हा कर्नलमधलाच टायमर आहे. इंटरप्ट थांबले तर तोही थांबतो. सोबत सॉफ्ट आणि हार्ड लॉकअपवर पॅनिक, आणि पॅनिकनंतर १० सेकंदांनी रीबूट, ही सेटिंगं ठेवा. केडम्प तयार असेल तर डम्पही मिळेल. वॉचडॉगचा अवधी डम्प लिहायला लागणाऱ्या वेळापेक्षा कमी असेल तर तो डम्प अर्धवट तोडू शकतो. म्हणून एकदा सिसआरक्यू आणि सी वापरून मुद्दाम क्रॅश करा आणि पूर्ण फाइल तयार होते का बघा.

निर्मात्याच्या सपोर्टला काय पाठवू, म्हणजे पहिल्याच उत्तरात 'बायोस अपडेट करा' येणार नाही?

हँगच्या सर्व तारखा-वेळा, प्रत्येक वेळी पिंग, कॅप्स लॉक आणि डिस्कचा दिवा यांची स्थिती, बीएमसीचा इव्हेंट लॉग, सीरियल किंवा नेटकन्सोलची शेवटची २०० ओळींची नोंद, सगळ्या फर्मवेअरच्या आवृत्त्या, स्मार्टचा पूर्ण अहवाल, रॅम कुठल्या स्लॉटमध्ये आहे त्याचा तक्ता, आणि वहीतली बदलांची यादी, प्रत्येक बदलानंतर किती दिवसांनी पुन्हा हँग झाला या आकड्यासकट. पडद्याचा फोटो जोडत असाल तर तो वाचता येतो ना, हे पाठवण्याआधी बघा.